गाईचा फेस, झाडाचा फेस

११ फेब्रुवारी, मंगळवार

पाल्माचं ठरलं. मुलगा बोलोन्याचा, तिच्याच कचेरीतला. रुज्जेरो. रविवारी जेवायला घेऊन येते आहे.

लग्न जूनमध्ये, इथेच. म्हणजे दाढी मी करणार. या गावात नवरा चर्चमध्ये जाण्याआधी न्हाव्याच्या खुर्चीत बसतो आणि खुर्चीमागे मी असतो. माझ्याआधी माझा बाप असायचा. कसाई कतालदो, त्याचा भाऊ, त्याचे जावई – सगळे माझ्या हाताखालून उठले आणि वेदीसमोर जाऊन उभे राहिले. एकाच्याही गालावर ओरखडा नाही. आता स्वतःचा जावई.

सकाळी फेस करताना ब्रश वाटीच्या कडेवर वाजत राहिला. थंडी आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

मुलगा उंच. दाढी दाट, मानेवर डावीकडे भोवरा. दार उघडतानाच दिसला. अवघड मान आहे – मजा येईल.

बायकोने, फिलोमेनाने, मांसाच्या वळकट्या केल्या होत्या, टोमॅटोच्या रश्श्यात. मी रुज्जेरोला लग्नाच्या दाढीचं सांगत होतो. बापाचा वस्तरा. घरचा साबण – गाईची चरबी, कडू बदामाचा वास, मागच्या खोलीत मीच शिजवतो. सांगता सांगता त्याच्या पेल्यात वाईन ओतली. थोडी मेजपोसावर गेली. थोडी म्हणजे बरीच. फिलोमेनाने डागावर मीठ टाकलं.

मग पाल्माने रुज्जेरोकडे बघितलं. त्याचा काटा अर्ध्या वाटेवर होता. त्याने तो खाली ठेवला.

"आवडलं नाही का रे?" फिलोमेना.

"तसं नाही. मी – मी प्राण्यांचं काही खात नाही. आधीच सांगायला हवं होतं. संकोच वाटला."

"तो वीगन आहे," पाल्मा म्हणाली. "आणि पप्पा, अंगालाही लावत नाही. चरबीचा साबण त्याला चालणार नाही. तो आपला घरीच करेल दाढी. यंत्राने."

यंत्राने. माझा जावई.

बिचारा सभ्यपणापायी गाय खायला निघाला होता. ताटातल्या वळकटीकडे तो शेवटपर्यंत बघत राहिला. डोळे ओले होते. इतकी करुणा मी याआधी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिली नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दुकानात सांगितलं. सांगायला नको होतं.

कतालदो खुर्चीत होता, तोंडभर फेस. "माझ्या गाईला काय झालं?" म्हणाला.

"ती मेली," एजिदिओ बाकावरून म्हणाला. एजिदिओ म्हणजे आमचा निवृत्त स्टेशनमास्तर. त्याची दाढी अर्ध्या तासात होते, बसतो तो अख्खी सकाळ.

"मेलेली गाय कुणाला त्रास देत नाही. जिवंत जास्त देते."

"त्या पोराचा प्रश्न त्रासाचा नाहीये, कतालदो. तत्त्वाचा आहे."

"तत्त्व गालाला लावून बघ. फेस येतो का ते सांग."

मी सांगून टाकलं – गाय नसलेला साबण मी करणार. साबण म्हणजे शेवटी तेल आणि खार. आणि तेलाला या गावात कमी नाही.

बाकावरची सगळी डोकी एकदम वर झाली. ऑलिव्हचा विषय निघाला की या गावात असंच होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुकान बंद. चरबी आणायला कतालदोकडे गेलो – जुना साबणही लागणारच. त्याच्या दुकानामागे भट्टी आहे, दोन टेबलं आहेत. मांस पसंत करायचं, तो भाजून देतो, तिथेच बसून खायचं. मी मागच्या दाराने जातो. आजही गेलो.

चरबी टोपलीत होती. पांढरी, थोडी गुलाबी. आजवर मी ती उचलून पिशवीत टाकत आलो. आज उभा राहिलो.

"ही कुठली?" मी विचारलं.

"मूत्रपिंडावरची. तुला तीच लागते ना?"

"तसं नाही. गाय कुठली?"

कतालदोने सुरी खाली ठेवली. "ओरोन्झो, तुझा बापही माझ्या बापाकडून चरबी न्यायचा. तुम्हा दोघांपैकी एकाने कधी गाईची चौकशी केली नाही. आता काय, पत्ता देऊ?"

पत्ता दिलाच. कड्याखालचा गोठा. म्हातारी होती, पाय मोडला होता. मी येताना त्या रस्त्याने आलो. गोठ्यात तिची जागा रिकामी होती. खाली पेंढा स्वच्छ केला होता.

चरबी कढवताना पहिल्यांदाच वाटलं की हा वास कुणाचा तरी आहे.

४ मार्च, मंगळवार

ऑलिव्हचा पहिला साबण तयार. हिरवा. सुंदर दिसतो. ब्रश फिरवला – फेस नाही. थुंकी. ऑलिव्हने अंग धुवावं, दाढी करू नये, हे बापाने सांगितलं होतं का? आठवत नाही. सांगितलं असेल.

७ मार्च, शुक्रवार

ईस्टरआधीचे उपासाचे दिवस सुरू झाले. शुक्रवारी मांस वर्ज्य. एजिदिओने नवीन शंका काढली – शुक्रवारी गाईच्या साबणाने दाढी केली तर मांस खाल्लं असं होतं का?

फादर सवीनो खुर्चीतच होते, अर्धे फेसात. "मला विचार करावा लागेल," म्हणाले आणि उरलेली दाढी होईपर्यंत डोळे मिटून विचार केला. उठताना निकाल दिला. "तोंडात गेलं नाही तर दोष नाही."

त्यानंतर जो बसला तो ओठ घट्ट मिटून बसला. काही विचारलं तर नाकातून उत्तर. इतका शांत शुक्रवार या दुकानाने पाहिला नसेल. रेडिओ लावावा लागला.

८ मार्च, शनिवार

आज कापलं.

कतालदो म्हणाला होता, "ते हिरवं माझ्यावर करून बघ. म्हणजे मला रीतसर शिव्या देता येतील." कानाखाली आलो आणि हात – नेहमीसारखा एक झटका. रक्त बारीकच, पण पांढऱ्या टॉवेलवर पडलं. या खुर्चीत. कतालदोच्या मानेवर.

मी तुरटी शोधत होतो. ती समोरच होती. सापडेना.

मग आरशातून कतालदोचा आवाज आला. "हे तेल कुणाच्या झाडांचं?"

"माझ्या मेव्हण्याच्या," एजिदिओ म्हणाला. "का?"

"मग बरोबर. त्याच्या झाडांना गेली तीन वर्षं पाणी नाही. असल्या तेलावर वस्तरा घसरेल नाही तर काय करेल? मान गेली असती माझी."

"तेलाचा काय संबंध?" म्हणत मेव्हण्यासाठी एजिदिओ उभा राहिला आणि सगळे एकदम बोलू लागले. कुणाचं तेल पातळ, कोण जमिनीवर पडलेली फळं गाळतो. रक्ताचं कुणाला आठवलं नाही.

दोष साबणाकडे गेला आणि तिथेच बसला. बसू दे.

१२ मार्च, बुधवार

बाटल्या येऊ लागल्या. प्रत्येकजण आपल्या झाडांचं तेल घेऊन येतो. "त्यांचं तेल सोडा वस्ताद, यात बनवा. मग बघा." मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. सगळ्यांचा साबण केला. सगळ्यांचा सारखाच – थुंकी. कुणाला सांगता येत नाही. इथे माणसाच्या बायकोला नावं ठेवली तर चालून जातं, तेलाला ठेवली तर तो लग्नाला येत नाही.

२५ मार्च, मंगळवार

जमलं.

बारी शहरातून नारळाचं तेल आणलं आणि मेणबत्तीवाल्यांकडे मिळतं ते झाडाचं स्टीअरिन. ऑलिव्ह नावापुरतं, चमचाभर. फेस वाटीतून उठून उभा राहिला. दाट, ओला, गालावर टेकला की हलत नाही. बापाच्या साबणाइतका चांगला. लिहायला जड जातं – थोडा जास्तच चांगला.

नारळाचं कुणाला सांगितलं नाही. ज्याला लावला त्याला वाटलं त्याचंच तेल. एजिदिओने गाल चोळत सगळ्या बाकावर नजर फिरवली. "मेव्हण्याची झाडं," म्हणाला. बाकावर आणखी सहाजण मनातल्या मनात आपापल्या झाडांची नावं घेत होते.

पाल्माला फोन केला. "साबण झाला. झाडाचा. आता रुज्जेरोची हरकत नाही ना?"

"झालासुद्धा?" मग म्हणाली, "विचारते."

३० मार्च, रविवार

विचारलं. ब्रश. डुकराच्या केसांचा आहे – नको.

खरंच की. डुक्कर. रोज हातात धरतो, मनात कधी आलं नाही. धाग्याचा ब्रश मागवला.

५ एप्रिल, शनिवार

आता दोन वाट्या ठेवतो. गिऱ्हाईक बसलं की विचारायचं – गाय की झाड?

पक्ष पडले. कतालदोच्या बाजूला शिकारी, ट्रकवाले आणि ज्यांना बदल नको ते. एजिदिओच्या बाजूला तेलवाले – म्हणजे निम्मं गाव – आणि ज्यांचं कतालदोशी पटत नाही ते. फादर सवीनो एका आठवड्याला गाय घेतात, दुसऱ्या आठवड्याला झाड.

आज दोघं कापले गेले. एक गायवाला, एक झाडवाला. गायवाला कापला तेव्हा एजिदिओ म्हणाला, "चरबी शिळी असली की असं होतं." झाडवाला कापला तेव्हा कतालदो म्हणाला, "झाडावर माणूस घसरतोच." मग अर्धा तास भांडण. मी टॉवेल बदलला.

पूर्वी एका दाढीला मला जितका वेळ लागायचा त्याच्या दुप्पट आता लागतो. तेही कुणाच्या लक्षात येत नाही. वाद संपेपर्यंत कुणाला घाई नसते. साबणाने मला वाचवलं आहे. जूनपर्यंत वाचवलं तरी पुरे. रुज्जेरोची ती एक मान. मग बघू.

६ एप्रिल, रविवार

पाल्माचा फोन. वस्तऱ्याची मूठ – शिंगाची आहे का?

आहे. म्हशीची. बापाच्या बोटांचे खळगे पडलेत तिच्यावर.

सुताराला सांगून ऑलिव्हच्या लाकडाची करून घेतो. पातं तेच राहील. लोखंडाचा कुणी जीव घेतलेला नसतो.

१३ एप्रिल, रविवार

धार लावायचा पट्टा. चामडं. कापडाचा पट्टा केला, दुहेरी, शिवून.

दाढीनंतरची क्रीम. तिच्यात मेंढीच्या लोकरीचं काहीतरी असतं म्हणे. फेकली.

मी दुकानात उभा राहून एकेक वस्तू बघितली. गाय, डुक्कर, म्हैस, मेंढी. भिंतीवर, फळीवर, हातात. मला वाटायचं मी न्हावी आहे. मी गोठ्याच्या मधोमध उभा होतो.

२० एप्रिल, रविवार. ईस्टर

रुज्जेरो आणि पाल्मा आले. फिलोमेनाने कोकरू केलं, त्याच्यासाठी मसूर. त्याने मसूर निमूटपणे खाल्ले. शेवटी केक आला तेव्हा त्याने मधाची बरणी पुढे ओढली. पाल्माने टेबलाखालून त्याला लाथ मारली. मला दिसली. मध माश्यांचा असतो – तो विसरला असणार. माणूस आहे.

मीही कोकरू घेतलं नाही.

"पोट बिघडलंय?" फिलोमेना.

"नाही. नको वाटलं."

उपासाच्या दिवसांत सोडलं होतं, पुन्हा धरवेना. त्या टोपलीतली चरबी डोळ्यांपुढून जात नाही. पेंढा साफ केलेली जागा जात नाही. रुज्जेरोला हे सांगावंसं वाटलं – आपण दोघं एका बाजूचे आहोत, बाळा. पण कोकरू कापलं जात असताना तो बाहेर निघून गेला. फोन आला होता म्हणाला. बऱ्याच वेळाने परत आला. धुराचा वास येत होता. दुःखात सिगारेट ओढली असेल. ओढत नाही असं पाल्मा म्हणते.

३ मे, शनिवार

पाल्माचा फोन. खुर्ची. बैठक चामड्याची आहे.

खुर्चीला चढवायला जाड कापडाचा अभ्रा शिवून घेतला. कतालदोने बसून बघितलं.

"आणि मी?" म्हणाला.

"तू काय?"

"मी अख्खाच प्राण्याचा बनलोय. लग्नाच्या दिवशी दुकानात येऊ की दारातून बघू?"

बाकावरचे हसले. एजिदिओसुद्धा. मग दोघांना आठवलं की आपलं पटत नाही.

११ मे, रविवार

मीच फोन केला.

"पाल्मा, सगळं झालं. साबण, ब्रश, मूठ, पट्टा, क्रीम, खुर्ची. या दुकानात आता प्राण्याचं काही नाही. त्याला आणखी काय हवंय ते विचार."

"सगळं? पप्पा, सगळं बदललंस?"

"सगळं."

"आजोबांच्या वस्तऱ्याची मूठसुद्धा?"

"ऑलिव्हची आहे. छान दिसते."

ती रडायला लागली. मी म्हणालो, वेडी, लग्नाआधी मुली रडतातच. रुज्जेरोने फोन घेतला. "वस्ताद," म्हणाला, "मी येईन. सात जूनला सकाळी. खुर्चीत बसेन."

मी जिंकलो.

२० मे, मंगळवार

कॉफीचा कप बशीवर वाजला. फिलोमेनाने हात पुढे करून बशी धरली.

"बारीला एक डॉक्टर आहे," ती म्हणाली.

"माझ्या हाताला काही झालेलं नाही."

"हाताचं कुणी काढलंय?"

मी कॉफी घेतली. गार होती.

"लग्नानंतर," मी म्हणालो.

"लग्नानंतर," ती म्हणाली.

डॉक्टर काय सांगेल ते मला माहीत आहे. वस्तरा खाली ठेवा. एकदा ते कुणी मोठ्याने म्हटलं की ठेवावा लागेल. अजून कुणी म्हटलेलं नाही. अजून कुणाला माहीत नाही. फिलोमेना सोडली तर.

२९ मे, गुरुवार

रोज एका फुग्याची दाढी करतो. फुग्यावर फेस लावायचा आणि वस्तऱ्याने काढायचा. बाप असंच शिकवायचा. तेव्हा मी पंधराचा होतो, एकही फुगा फुटला नव्हता.

लिहीत नाही किती फुटले ते.

६ जून, शुक्रवार

घर पाहुण्यांनी भरलंय. वस्तऱ्याला धार लावली. कापडाचा पट्टा चांगला चालतो.

त्या मानेवरचा भोवरा डोळ्यांसमोर आहे. डावीकडून खाली, मग उलट. एकच जागा आहे जिथे थांबता येणार नाही.

देवाकडे आजवर काही मागितलं नाही. पाव तास मागतो.

७ जून, शनिवार. लग्न

सकाळी सगळं गाव दुकानात होतं. कतालदो खिडकीत, एजिदिओ बाकावर, फादर सवीनो लग्नाच्या कपड्यांत – म्हणाले, आधी दाढी, मग देव. दारू फिरली, बदाम फिरले.

रुज्जेरो बसला. मान मागे टाकली. डोळे मिटले. चेहरा पांढरा पडला होता, फेस लावायच्या आधीच.

फेस चांगला बसला. उजवा गाल झाला. डावा झाला. मी भोवऱ्यापाशी आलो आणि हात सुटला. थंडी नव्हती. पातं त्याच्या गळ्यापासून बोटभर अंतरावर आणि हात थांबेना. लोक दाटून उभे होते. मला वाटलं, झालं. इथेच. सगळ्यांसमोर.

तेवढ्यात रुज्जेरोचा हात टॉवेलखालून वर आला आणि त्याने माझं मनगट धरलं. घट्ट.

"वस्ताद, माफ करा," तो म्हणाला. "मला मानेला गुदगुल्या होतात. लहानपणापासून. तुमचा हात धरून ठेवू का? नाहीतर मी हलेन."

"धर," मी म्हणालो.

त्याने धरला. माझा हात हलला नाही. भोवरा निघाला – खाली, मग उलट. कानामागे जरासं लागलं, तेही त्याने हात सोडल्यावर. लगेच खिडकीतून कतालदो ओरडला, "बघा! नारळ घातला की असंच होतं!"

"ऑलिव्ह आहे तो, गाढवा," एजिदिओ म्हणाला. जोरात भांडण पेटलं आणि भांडणातच आम्ही सगळे चर्चकडे निघालो.

पोरगा किती घाबरला होता! गुदगुल्या म्हणे. देवाने माझी लाज राखली ती त्याच्या भित्रेपणामुळे. कुणाला काही कळलं नाही.

वेदीसमोर उन्हात त्याची मान चमकत होती. चांगलं काम होतं.

पण कतालदोला नारळाचं कुणी सांगितलं?

१० जून, मंगळवार

दोघं फिरायला गेले, समुद्राकडे. गायीची वाटी आज धुऊन फळीवर उपडी ठेवली. पुन्हा भरणार नाही. कतालदोला सांगितलं, आता फक्त झाड. मला वाटलं आरडाओरडा करेल.

"बरं," म्हणाला.

मग बाकाकडे बघितलं, जरा थांबला, आणि आरडाओरडा केला.

२६ जून, गुरुवार

उकाडा. संध्याकाळी कतालदोच्या मागच्या गल्लीतून आलो. भट्टीच्या खोलीची खिडकी उघडी होती.

आत रुज्जेरो बसला होता. समोर चीज भरलेल्या डुकराच्या वळकट्यांचं ताट, अर्धं संपलेलं. शेजारी एजिदिओ, तोही खात होता. कतालदो विस्तवावरून आणखी काढत म्हणाला, "ईस्टरला खाल्ल्यास तशाच केल्यात. घे. मसूर खाऊन हाडं वर आलीत तुझी."

"मी सगळं खातो हे आता सांगून टाकावं का त्यांना?" रुज्जेरो म्हणाला.

"खबरदार," एजिदिओ म्हणाला. "वस्ताद वस्तरा स्वतःहून खाली ठेवेपर्यंत आपण साबणावर भांडायचं. ठरलंय ते."

"मला तर आता झाडाचाच बरा वाटतो," कतालदो म्हणाला. "पण काय करणार."

मी खिडकीखालून वाकून पुढे गेलो. वळणावर हात बघितला. हलत होता. बराच वेळ हलू दिला.

फिलोमेनाला म्हणालो, रविवारी पोरांना जेवायला बोलाव. मसूर कर. मला आणि रुज्जेरोला. पुढच्या रविवारीही. मी आहे तोवर या घरात त्याला मसूरच.

तिने माझ्याकडे बघितलं. मग मसुराचा डबा काढला. "जास्तच भिजवते," म्हणाली.